वीतभर परीक्षा

अमेरिकन फुटबॉलचे नवे खेळाडू निवडण्याआधी इंडियानापोलिसला त्यांची मापे घेण्याचा सोहळा असतो. थेट वधूपरीक्षाच, फक्त पोहे नसतात. उंची, वजन, अहो, वीतसुद्धा मोजतात! शिवाय 40 यार्ड पळवतात. सन 2000 मध्ये टॉम ब्रेडीला त्यासाठी 5.28 सेकंद लागले. बिचाऱ्याचा नंबर लागला 199वा. पुढे पठ्ठ्याने 7 सुपर बोल जिंकले! 2017 मध्ये जॉन रॉस 4.22 सेकंदांत पळाला, नववा निवडला गेला, आणि फारसे काही झाले नाही. धिप्पाड गडी अडवणाऱ्याला वजन हवेच, कबूल. पण धटिंगण अंगावर येत असताना चेंडू कुणाकडे फेकायचा, हे वितीला कसे कळणार? 2020 मध्ये जो बरोची वीत 9 इंचच भरली म्हणून केवढी कुजबुज! निवडीत पहिला मात्र तोच.