पोषण आहार आणि माता : ‘गळती’ या संज्ञेचा विचार

सार्वजनिक पोषण-योजनांच्या विवेचनात लाभार्थी मातांच्या ‘गळती’चा उल्लेख वारंवार येतो. ही संज्ञा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. ती वापरली की दोष मातेकडे जातो आणि अज्ञान, अनास्था, रूढिप्रियता ही कारणे आपोआप सुचू लागतात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांपुरते पाहिले तरी हे निदान अपुरे ठरते, असे आमचे मत आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाच्या चौथ्या कलमाने गर्भारपणात व प्रसूतीनंतर सहा महिने मातेस विनामूल्य आहाराचा हक्क दिला. मूळ अधिनियमात त्याचे प्रमाण दररोज ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे होते. परंतु हा आहार ‘स्थानिक’ अंगणवाडीतून मिळावयाचा आहे, आणि सारे मर्म या विशेषणात आहे. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी येते; तिचे नाव बहुधा सासरच्या नोंदवहीत असते. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या भागांतून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जात असल्याने गर्भवतीसही मागे राहणे परवडत नाही. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. कायद्याने दिलेली प्रसूतीनंतरची मुदतही तेवढीच. हक्क गावी राहतो आणि हक्कदार फडात असते.

गावी राहणाऱ्या मातेची अडचण निराळी. घरी नेलेला शिधा साऱ्या घराचा होतो. तिच्या वाट्यास त्यातले थोडेच येते. उलट किनवट-माहूरच्या आदिवासी भागात २०१५ च्या अमृत आहार योजनेनुसार माता अंगणवाडीतच जेवते. अन्न तिच्याच मुखी पडते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. मात्र जेवणाची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळली नाही, तर रोज बुडवून जेवावयास येणे तिला शक्य नसते.

येथे एक आक्षेप संभवतो : स्थलांतरितांचा मागोवा घेणारी संगणकीय पद्धत राज्याने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत आरंभिली, मग प्रश्न उरला कोठे? पाऊल योग्यच आहे. तथापि नाव एका नोंदवहीतून दुसरीत गेल्याने ताट भरत नाही. फडाजवळच्या अंगणवाडीस तेवढा वाढीव शिधाही पोहोचावा लागतो.

म्हणून माता योजना का सोडते, एवढेच विचारणे पुरेसे नाही. योजना तिला कोणत्या महिन्यात व कोणत्या वेशीवर सोडते, हे आधी विचारले पाहिजे. ‘गळती’च्या रकान्यात हा तपशील नोंदला जाईपर्यंत त्या आकड्यांवरून मातांच्या वृत्तीविषयी अनुमान काढणे शास्त्रीय ठरणार नाही.