हक्कांच्या पानावरची एक ओळ

पुस्तकाचे परीक्षण करताना आपण मुखपृष्ठ पाहतो, अर्पणपत्रिका वाचतो, प्रस्तावना कोणी लिहिली आहे ते बघतो आणि मजकुराकडे वळतो. मधले एक पान कोणी वाचत नाही. मुद्रक, अक्षरजुळणी, मूल्य, आवृत्ती यांच्या सोबतीला त्या पानावर एक ओळ असते: 'सर्व हक्क सुरक्षित'. आपल्या मुस्लिम मराठी लेखकांच्या पुस्तकांत ही ओळ हमखास सापडते, आणि तिच्या वर, वर्तुळातल्या इंग्रजी 'सी'पुढे, पुष्कळदा लेखकाच्या पत्नीचे नाव असते. पुस्तकाच्या प्रती तीनशे असोत की पाचशे, पदरचे पैसे घालून काढलेले असो की बायकोचे दागिने मोडून, ओळ तीच. या ओळीचीच समीक्षा करावी असे आम्हांला २०१९ च्या पुरानंतर वाटू लागले.

शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा यांचे पाणी आमच्याच शिवारात येऊन थबकते. २००५ साली पाणी भिंतीवर जिथवर चढले होते, तिथे आम्ही मनात रेघ मारून ठेवली होती आणि पुस्तकांची ट्रंक त्या रेघेच्या वर हातभर ठेवत होतो. २०१९ च्या ऑगस्टात पाण्याने ती रेघ मानली नाही. आठ दिवसांनी दार उघडले तेव्हा ट्रंकेत पुस्तके नव्हती, लगदा होता. त्यात आमच्या गुरुजींचा कवितासंग्रह होता. १९९३ चा. पाचशे प्रती, बहात्तर पाने. १९९० च्या मार्चमध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर गावोगावच्या ज्या शिक्षकांना आपणही लिहावे असा धीर आला, त्यांतलेच आमचे गुरुजी. निम्म्या प्रती त्यांनी भेट म्हणून वाटल्या, उरलेल्या संमेलनांत पिशवीतून काढून विकल्या. २००४ साली ते गेले.

प्रत कुठे मिळेल म्हणून आम्ही फिरलो. तालुक्यातल्या एका 'ड' वर्ग वाचनालयात होती; तीही भिजून गेलेली. ज्यांना गुरुजींनी सही करून दिली होती त्यांच्यापैकी निम्मे नदीकाठचे. शेवटी एका मुलीचा शोध लागला. तिने एम.फिल.साठी २०१६ साली याच पुस्तकाचे फोटो मोबाईलवर काढले होते. एक्कावन्न पाने नीट सापडली. उरलेली तिच्या जुन्या ई-मेल खात्यात होती. ते खाते ज्या सिमकार्डावर उघडले होते ते बंद पडलेले आणि पासवर्ड विस्मरणात गेलेला. मग इचलकरंजीला अक्षरजुळणी करणाऱ्याकडे गेलो. भल्या माणसाने फ्लॉपी जपून ठेवली होती. फ्लॉपी वाचणारे यंत्रही मिळाले, पण फाईल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता काला. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, आणि तो ज्या सॉफ्टवेअरमधला, त्याला मागून एक कुलूप खोचावे लागे. ते कुलूप केव्हाच हरवले होते. आमच्या चळवळीच्या पहिल्या पंधरा वर्षांचे किती लेखन अशा फायलींत पडून असेल!

आमच्यातला एक तरुण म्हणाला, "सर, ई-बुक करून टाकू. पुरात भिजायचं नाही." सूचना चांगली. पण २००९ च्या जुलैत अमेझॉनने वाचकांनी पैसे देऊन घेतलेले जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' त्यांच्या किंडलमधून दूरवरून काढून घेतले होते, हक्कांचा घोटाळा झाला म्हणून. पुढे कंपनीने माफी मागितली ते वेगळे. मायक्रोसॉफ्टने तर आपले पुस्तकांचे दुकानच बंद केले. पैसे परत दिले, पण लोकांच्या कपाटातली पुस्तके गेली. तीही २०१९ च्या जुलैतच, आमच्या पुराच्या आदल्या महिन्यात. विकत घेतो ती वाचायची परवानगी असते, पुस्तक नव्हे, हे त्या बारीक टायपातल्या अटी वाचल्या तर कळते. कोण वाचतो? आमच्या पुस्तकातले हक्कांचे पानही कोणी वाचत नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९५७ चा कॉपीराइट कायदा अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी सवलत देतो. त्या मुलीने काढलेले फोटो म्हणूनच निर्दोष. तेच फोटो आम्ही चाळीस जणांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले तर ती सवलत ताणली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट केली: धंदा न करणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. मात्र अट अशी की कागदी प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. पूर येण्याआधी आमच्या वाचनालयाला ही मुभा होती. पूर ओसरला तेव्हा कागदी प्रतीबरोबर मुभाही वाहून गेली होती. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती ग्रंथालय स्वतःसाठी करू शकते, तेही कायद्यात आहे. पण कशावरून करायच्या? वाचनालयाचे ग्रंथपाल अर्धवेळ, मानधन तुटपुंजे, स्कॅनर नाही. या तरतुदी त्यांनी ऐकल्याही नव्हत्या. आम्हीही पुरानंतरच ऐकल्या.

आणि मुदत? लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. आधी ती पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे विश्वभारतीचे हक्क संपत आले तेव्हा, १९९२ साली, दहा वर्षे वाढवली. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ उजाडले आणि 'श्यामची आई' अनेक प्रकाशकांनी काढली. शाहीर अमर शेख यांचे लेखन २०२९ अखेर मोकळे होईल, हमीद दलवाईंचे २०३७ अखेर. आमच्या गुरुजींचे २०६४ अखेर. 'श्यामची आई' साठ वर्षे घराघरांत होती, म्हणून मोकळी झाल्यावर छापायला प्रत शिल्लक होती. गुरुजींच्या पुस्तकाच्या पाचशेतल्या किती २०६४ पर्यंत टिकतील?

हक्कदार सापडतच नसेल तर कायद्यात परवान्याची वाट आहे. अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मराठी कवितेच्या वारसाला इंग्रजी दैनिकातून हाक मारायची! जाहिरातीचा खर्च पाचशे प्रतींच्या छपाईहून जास्त. असे अर्ज ज्या मंडळाकडे जात, ते २०२१ साली बरखास्त झाले. आता कोर्टाची पायरी. भारत सरकारच्या आधाराने उभ्या राहिलेल्या डिजिटल ग्रंथालयात लाखो जुनी पुस्तके, त्यांत मराठीही, स्कॅन झाली होती. हक्कांच्या तक्रारींनंतर तेही संकेतस्थळ बंद केले गेले. त्यातली बरीच पुस्तके एका परदेशी संग्रहात आधीच उतरवून घेतली होती, म्हणून आज शिरोळच्या एसटी स्टँडवर बसून मोबाईलवर वाचता येतात. आम्ही वाचली आहेत. गुन्हा केला की नाही, ते प्रत्येक पुस्तकागणिक वेगळे.

यावर गावातली मते ऐकण्यासारखी आहेत. चहाच्या टपरीवर मत असे: मोबाईलवर आले की ते सगळ्यांचे. मशिदीबाहेर एक बुजुर्ग म्हणाले, इल्म वाटण्याने वाढते, त्यावर कुलूप कसले? दुसऱ्याने लगेच सांगितले, बंद्याचा हक्क मारला तर तो बंदाच माफ करू शकतो. दोघांनाही आधार आहे. १९८८ साली कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनाने लेखन आणि संशोधन यांवरचे हक्क शरीअतने मान्य केलेले आणि जपण्यासारखे आहेत असा ठराव केला. म्हणजे 'दीनमध्ये कॉपीराइट नाही' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. आणि आमच्या चळवळीतल्या मंडळींनीही. आमच्या ओळखीच्या एका कथाकाराने कर्ज काढून पुस्तक छापले. संमेलनात साठ प्रती गेल्या आणि आठ दिवसांत कोणीतरी पीडीएफ फिरवली. 'तुमचे पुस्तक वाचले, फार आवडले' असे त्याला रोज निरोप येतात. प्रती पलंगाखाली आहेत. त्या पीडीएफला आम्ही ज्ञानप्रसार म्हणणार नाही. ती फिरवणाऱ्यांत प्राध्यापक होते, ज्यांना सातवा वेतन आयोग लागू आहे.

पण गुरुजींचे प्रकरण वेगळे होते. आम्हांला फुकट वाटायचे नव्हते, परवानगी घेऊन पुन्हा छापायचे होते. पुस्तकावर चाचींचे नाव होते, म्हणून त्यांच्याकडे गेलो. चाची म्हणाल्या, "किताब पे मेरा नाम हैच ना? छापो." आम्ही आनंदाने उठलो. वकील मित्राने खाली बसवले. हिबा तोंडीही होतो, पण कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायला कायद्याला लेखकाच्या सहीचा लेख लागतो. पानावर नाव छापल्याने तो हक्क गेला असे धरता येत नाही. गुरुजींनी असा कागद केलेला नव्हता. मग हक्क वारसांत वाटला गेला. चाचींचा आठवा हिस्सा. दोन मुलांचा पाव-पाव, तीन मुलींचा आठवा-आठवा. थोरला मुलगा मागेच वारला, त्याच्या पावात आता चाची, त्याची बायको आणि मुले. आणि परवानगी सगळ्यांची हवी. ज्या बाईच्या नावे प्रेमाने, उद्याची तजवीज म्हणून, ती ओळ छापली, तिला तिच्यातून काहीच मिळाले नव्हते. आम्ही हे चाचींना सांगितले नाही. कसे सांगायचे?

सह्या गोळा करायला लागलो. विजापूरच्या मुलीने विचारले, "अब्बांच्या कवितांवर तुम्ही पैसे मिळवणार का?" प्रश्न रास्त होता, हिशेब लिहून दिला, तिने सही केली. थोरल्याच्या बायकोने मुलांच्या वतीने केली. अडले धाकट्यापाशी. त्याचे म्हणणे, पुस्तक जरूर काढा, फक्त ती एक कविता वगळा. गुरुजींच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने पोस्टकार्डावर तलाक लिहून पाठवला होता. ते कार्ड वाचून दाखवायला पोस्टमनला किती वेळ लागला, एवढीच ती कविता आहे. धाकट्याचा मुलगा लग्नाला आला आहे, जमातीत बोलणी चालू आहेत. धाकटी बहीण उलट म्हणाली, "ती कविता नसेल तर माझी सही परत द्या. फुफू त्याच एका पानावर आहे."

इथे आमची समीक्षा येऊन थांबते आणि पुढे जात नाही. 'सर्व हक्क सुरक्षित' या ओळीने गुरुजींना कधी पैसा मिळवून दिला नाही, कारण त्यांची पुस्तके चोरण्याइतकी विकली जात नव्हती. ती ओळ पहिल्यांदा कामाला आली ती त्यांची कविता त्यांच्याच पुस्तकातून काढायला. लेखकाच्या मृत्यूनंतरही त्याचे लेखन छाटून त्याच्या नावाला बाधा आणू नये, असे तोच कायदा दुसऱ्या कलमात म्हणतो. प्रसिद्ध झालेले पुस्तक हक्कदार पुन्हा काढू देत नसेल तर सक्तीने परवाना मागायचीही सोय आहे. पण ज्यांनी आम्हांला बाराखडी शिकवली त्यांच्या मुलावर कोर्टात दावा लावणार कोण? तो वाईट माणूस नाही. पुरात त्याच्याही घरात छातीइतके पाणी होते.

हयात लेखकांना मात्र वाटा मोकळ्या आहेत आणि त्या आम्ही वापरत नाही, याचे नवल वाटते. बायकोच्या नावे हक्क करायचा तर एका कागदावर सही करावी. प्रकाशकाशी तोंडी व्यवहार करून वीस वर्षे रडत बसू नये. हक्क देण्याचा करार लेखी असला आणि त्यात मुदत लिहिली नसली तर कायदा ती पाचच वर्षे धरतो. काही काळ विक्री झाल्यावर पुस्तक सर्वांना मोकळे करायचे असेल तर जाहीर सूचनेने हक्क सोडता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्याची ओळ छापली तर नाव राखून नक्कल करायला मुभा देता येते. भारतात तो २००७ सालीच आला. आमच्या मागच्या बैठकीत आम्ही हे मांडले तेव्हा एक ज्येष्ठ कवी रागावले. म्हणाले, आयुष्यभर कोणी हक्क दिला नाही, आता पानावर छापलेला तेवढाही सोडू? त्यांना उत्तर देणे आम्हांला जमले नाही. मृत्युपत्राने हे होईल असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की वसियत वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे चालत नाही. एक तृतीयांश कवितासंग्रह मोकळा करून काय साधणार?

एक्कावन्न पाने युनिकोडमध्ये टाईप करून झाली आहेत. ती तीन पेनड्राइव्हवर आहेत; एक शिरोळला, एक मिरजेला, एक धाकट्या मुलीकडे. पोस्टकार्डाची कविता त्या एक्कावन्नांत आहे. नसलेली एकवीस पाने कोणाकडे असतील तर मूळ प्रत पोस्टाने पाठवू नये, स्वच्छ उजेडात फोटो काढून अंकाच्या पत्त्यावर कळवावे. पुस्तकाचे आणि गुरुजींचे नाव आम्ही इथे मुद्दामच दिलेले नाही. ज्यांनी त्यांच्या हातून प्रत घेतली आहे ते ओळखतील, आणि धाकट्याची सही अजून यायची आहे.