नाद कशाचा? गाडी, गाणं आणि आकडे

कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्रपटाची तर रोजच होते. वेगवान गाड्यांचा शौक आणि घरात उत्तम आवाजात गाणं ऐकण्याचा शौक यांच्या वाट्याला मात्र ‘परीक्षण’ येतं. त्यात किती हॉर्सपॉवर, किती वॅट, किती रुपये एवढं सांगितलं की काम भागतं. आज आपण या दोन छंदांकडे समीक्षेच्या नजरेनं पाहणार आहोत. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या छंदांचा आनंद मोजायला आपण चुकीचं माप हातात धरलं आहे, आणि त्या मापापायी पैसा तर जातोच, पण छंदही हातचा जातो.

मराठीत ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे वेड. ‘त्याला गाडीचा नाद लागलाय’ असं घरातली मोठी माणसं काळजीनं म्हणतात, आणि कोल्हापूरकर ‘नाद खुळा’ म्हणतात ते कौतुकानं. तर हा नाद नेमका कशाचा लागतो? सुराचा आणि रस्त्याचा, की आकड्याचा?

आधी आकड्यांची थोडी चौकशी करू. ऑडिओपासून सुरुवात करू या. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणला तर आवाज दुप्पट होईल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला फरक कळतो, पण बेताचाच. आवाज दुप्पट मोठा ‘वाटायला’ साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पन्नासाच्या जागी पाचशे. किंमत कुठल्या कुठे जाते ते तुम्हीच पाहा.

आता गाडी. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा असेल तर हवेशी झगडायला आठपट शक्ती लागते. उदाहरण घेऊ. मॅक्लारेन एफ-वन या गाडीनं १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी मार्गावर ताशी सुमारे ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. तिची शक्ती ६२७ हॉर्सपॉवर. पुढे २००५ मध्ये त्याच मार्गावर बुगाटी व्हेरॉननं सुमारे ४०८ गाठला, १००१ हॉर्सपॉवरच्या जोरावर. शक्ती जवळपास साठ टक्क्यांनी वाढली, वेग सहा टक्केसुद्धा वाढला नाही. बुगाटी अंगानं मोठी आणि वजनदार होती हे खरं, पण मुख्य हिशेब हवेनंच केला.

म्हणजे दोन्ही छंदांत निसर्गाचा एकच कारभार आहे: पैसे मुठी-मुठीनं टाका, आनंद चिमटीनं मिळेल. एवढंच असतं तर आम्ही म्हटलं असतं, ज्याचे पैसे त्याची मौज. पण दुसरी बाजू आहे, आणि ती जास्त महत्त्वाची.

कानांच्या संरक्षणासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस आहे ती ८५ डेसिबलला रोज आठ तासांची. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. वॅट दुप्पट करून मिळवलेले ते ३ डेसिबल, जे कानाला बेताचेच जाणवतात, ते कानाचं आयुष्य मात्र पुरेपूर खातात. गाडीचंही तसंच. शंभरच्या वेगावरून एकशेचाळीसवर गेलात तर गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतरही त्याच हिशेबानं वाढतं. कानाची दुखापत परत भरून येत नाही. रस्त्यावरची तर आपल्या एकट्याची नसतेच, समोरच्या दुचाकीवर एक कुटुंब असतं.

तेव्हा लक्षात घ्या मंडळी, गंमत घनमुळाच्या चालीनं वाढते आणि धोका वर्गाच्या चालीनं. ज्या छंदाचा आनंद फक्त वरच्या आकड्यात आहे, तो छंद माणसाला अशा जागी नेऊन ठेवतो जिथे मिळवण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं सगळं असतं.

मग हा आकड्यांचा मोह इतका टिकतो कसा? त्यालाही कारण आहे, आणि ते आपल्या शरीरात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज हळू असतो तेव्हा आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज भरतो, गाणं ‘भरदार’ वाटतं. म्हणून दुकानात दोन स्पीकर शेजारी लावले की जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. खरी तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा लागतो. गाडीच्या टेस्ट ड्राइव्हमध्येही तीच गोम. अ‍ॅक्सिलरेटरच्या पहिल्या इंचभर दाबातच इंजिन जास्त उघडेल अशी रचना केली की गाडी फार ताकदवान वाटते. ताकद तेवढीच असते, फक्त ती आधी खर्च केलेली असते. दुकानातल्या पाच मिनिटांत जे आवडतं ते पाच वर्षं आवडेलच असं नाही.

आता यावर उपाय म्हणून काही लोक उलट टोकाला गेले. १९६२ मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी अमेरिकेत ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक काढलं. त्यांची भूमिका रास्त होती: मोजमापं छापता, पण यंत्र ऐकायला कसं आहे ते कोण सांगणार? ऐकलेलं शब्दांत मांडण्याची एक परिभाषा त्यातून घडली. ही समीक्षेचीच परंपरा म्हणायला हरकत नाही. पण परिभाषा एकदा हाती आली की ती कशालाही लावता येते. स्पीकरला लावलेली विशेषणं तारेला लागली, तारेची प्लगला लागली, आणि डोळे झाकून ऐकवलं तर जो फरक ओळखता येत नाही त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. आकडे नाकारले की माणूस रसिकच होतो असं नाही, तो भाविकही होऊ शकतो. आमचा विरोध मोजण्याला नाही. कशासाठी काय मोजतो आहोत, याचा विसर पडण्याला आहे.

आणि गंमत अशी, की आता आकड्यांचाच दम संपत आला आहे. साध्या किमतीच्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही आज विकृती इतकी कमी असते की ती कानाला पकडता येत नाही. घरच्या वापरासाठी घेतलेली एखादी इलेक्ट्रिक सेडान चार सेकंदांच्या आत शंभर गाठते. पस्तीस वर्षांपूर्वी निवडक सुपरकारनाही हे जड जात होतं. मग त्या सेडानच्या मालकाला त्या सुपरकारच्या चालकाएवढा आनंद मिळतो का? तुम्ही हसलात, म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मग आनंद असतो कुठे? दोन वस्तू पाहू. दोन्ही आकड्यांच्या परीक्षेत नापास, आणि दोन्ही आपापल्या छंदात मानाच्या.

पहिली, बीबीसीचा एलएस-थ्री-फाइव्ह-ए हा स्पीकर. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत ठेवण्यासाठी बनवला. गाडीत मोठा स्पीकर मावत नव्हता. उंची जेमतेम फूटभर. खालचा खर्ज जवळजवळ नाहीच. एका वॅटला एक मीटरवर सुमारे ८३ डेसिबल, म्हणजे अगदी मंद. याच्या तुलनेत कोपऱ्यात उभा राहणारा अमेरिकन क्लिप्शहॉर्न एका वॅटला १०५ च्या आसपास वाजतो. या बावीस डेसिबलच्या फरकाचा अर्थ, त्याचा एक वॅट म्हणजे या बिचाऱ्याचे दीडशे वॅट. तरीही लोक पन्नास वर्षं हा छोटा डबा सांभाळून आहेत, कारण तो माणसाचा आवाज माणसासारखा सांगतो. निवेदकाचा श्वास, गायकाचा घसा, शब्दाची कड. त्याच्या कर्त्यांनी आधी ठरवलं की काय ऐकायचं आहे, आणि बाकीचं निमूट सोडून दिलं.

दुसरी वस्तू, १९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. तिच्या कर्त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेली जपानी कल्पना होती ‘जिनबा इत्ताई’, घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे यासाठी शब्द आहे: मांड. घोडा किती जोरात पळतो याच्या आधी स्वाराची मांड कशी बसली आहे हे पाहतात. त्या गाडीत वळणावर पुढची चाकं काय म्हणताहेत ते हाताला कळतं, वजन कुठे सरकलं ते पाठीला कळतं. आणि हे सगळं साठ-सत्तरच्या वेगात कळतं! सहाशे हॉर्सपॉवरची गाडी त्या वेगात झोपलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारला शंभरची मर्यादा आहे. तिथे महागड्या गाडीच्या मालकानं पैसे दिले आहेत ते बहुतांशी न वापरायच्या ताकदीचे.

या दोन वस्तूंतून आम्हाला एक कसोटी मिळते, ती तुमच्यापुढे ठेवतो. वस्तू हळू आवाजात आणि कमी वेगात काही सांगते का? रात्री शेजारी झोपलेले असताना, बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर, तानपुऱ्याची जवारी ऐकू येते का? दोन तानपुरे असतील तर ते वेगळे कळतात का? घाटातल्या परवानगीच्या वेगात स्टिअरिंग तुमच्याशी बोलतं का? बोलत असेल तर तुमचा छंद रोजच्या जगण्यात बसतो. नसेल तर पुढच्या खरेदीनंही तो बसणार नाही.

दुसरी गोष्ट. आपण विकत घेतो स्पीकर आणि ऐकतो खोली. आपण विकत घेतो इंजिन आणि चालवतो टायर. चार मीटर लांबीच्या खोलीत त्रेचाळीस हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, कुठे फुगतो, कुठे गायब होतो. डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीत सुंदर आणि शेजारच्या खुर्चीत भोंगळ का लागतो, त्याचं उत्तर बहुधा यात असतं. आपल्या फ्लॅटमध्ये सिमेंटच्या भिंती, खाली टाइल, मोठ्या काचा. तिथे लाखाचा स्पीकरही खणखणतो. त्याला जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांचा उतारा आहे. खर्जाचा दोष सतरंजीनं जात नाही. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायचा, खुर्ची हातभर सरकवायची. याला पैसे पडत नाहीत, एक रविवार पडतो. गाडीचंही तेच: सगळी ताकद, सगळा ब्रेक, सगळं वळण शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून जमिनीला पोचतं. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासणारा माणूस आमच्या लेखी मोठा शौकीन. आणि खरंच वेग अनुभवायचा असेल तर कोइमतूरजवळच्या करी स्पीडवेसारखे ट्रॅक आहेत, मोकळ्या मैदानात शंकू मांडून होणारी ऑटोक्रॉस आहे. तिथे समोरून कुणाचा संसार येत नसतो.

मंडळी, आपल्या परंपरेत तानसेनाच्या जोडीनं ‘कानसेन’ हा शब्द आहे. गाणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा अधिकार मानणारी ही भाषा आहे. पंडित भीमसेन जोशी यांना गाड्यांचं किती वेड होतं हे सर्वांना माहीत आहे. मैफलीसाठी लांबलांबचा प्रवास ते स्वतः गाडी चालवत करत, आणि यंत्राचीही त्यांना जाण होती. ही दोन वेडं एका माणसात नांदली याचं आम्हाला नवल वाटत नाही. दोन्हींत लागतं ते एकच, अवधान. सूर किंचित ढळला, इंजिन किंचित अडखळलं, हे ज्याला आधी कळतं तो जाणकार.

म्हणून छंदाची प्रगती मोजायचीच असेल तर ती अशी मोजा. गेल्या वर्षी जे ऐकू येत नव्हतं ते यंदा, त्याच स्पीकरवर, ऐकू येतं का? गेल्या वर्षी त्याच वळणावर ब्रेक आणि स्टिअरिंग यांची ओढाताण होत होती, ती आता गुळगुळीत झाली का? यंत्रं सुधारत गेली आणि आपण तिथेच राहिलो, तर छंद यंत्राला जडला आहे, आपल्याला नाही. आणि घरात हजार रेकॉर्ड असून आपण फक्त त्याच तीन ‘टेस्ट’ची गाणी लावत असू, तर समजावं की गाणं केव्हाच थांबलं आहे.

कुणी विचारेल, मग मोठी गाडी, मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊच नये का? जरूर घ्यावा. ऐपत आहे, हौस आहे, मोठ्या दालनाला मोठा आवाज लागतोच. फक्त तो घेण्याआधी आपल्या कानाची आणि मांडीची मर्यादा गाठून झालेली असावी. यंत्राची मर्यादा आपल्या आधी आली, तर खरेदीला अर्थ आहे. आपली आधी आली, तर रियाजाला.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. पण एक विनंती, ‘कुठला घ्यावा’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी सांगा, काय ऐकता आणि कुठे जाता?