आत्मवृत्त आणि पुराण

सुशिक्षित गृहस्थ निवृत्त होऊन मागें वळून पाहूं लागला, कीं त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ती स्वतःची कामगिरी. घर फार उशिरां दिसतें. आत्मचरित्रांचा हा जणूं स्थायी दोषच होय. म्हणून एकाच संसाराचीं दोन आत्मकथनें आपल्या भाषेंत उपलब्ध असावीं, हें वाचकांचें भाग्य समजलें पाहिजे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं.

अण्णासाहेबांनीं १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविलें व १९१४ सालीं ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं त्यांचा ग्रंथ निघाला. परंतु महिला विद्यापीठाची स्थापना १९१६ ची! समारोप म्हणून लिहिलेलें पुस्तक प्रस्तावनाच ठरलें, आणि १९३६ सालीं 'लुकिंग बॅक' हें दुसरें सिंहावलोकन इंग्रजींत करावें लागलें. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा बहुमान मिळाला व १९६२ सालीं, वयाची एकशेंचार वर्षें उलटल्यावर, ते निवर्तले. अशा पुरुषास 'निवृत्त' म्हणणें हा भाषेचा दुबळेपणाच.

'आत्मवृत्ता'ची शैली गणिताच्या अध्यापकास शोभेशी आहे. तींत अलंकार नाहींत, आवेश नाहीं. यश आणि चूक हीं दोन्हीं लेखक एकाच तराजूंत घालतो. आत्मस्तुतीचा मोह टाळणें त्यास जड जात नाहीं. हा गुण दुर्मिळ आहे. मात्र जमाखर्च इतका चोख असूनहि एक रकाना अपुरा राहिल्यासारखा वाटतो, तो घराचा.

तो रकाना आनंदीबाईंनीं भरला आहे. पुस्तकाच्या नांवांतच त्यांचा स्वभाव दिसतो. 'पुराण लावणें' म्हणजे कंटाळवाणी हकीकत लांबवीत बसणें, हें ठाऊक असून त्यांनीं तो शब्द हंसत हंसत स्वतःवर ओढून घेतला. त्या पतीच्या कार्याच्या नुसत्या साक्षीदार नव्हत्या. बालपणींच वैधव्य आलेल्या या बाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकल्या, आणि १८९३ सालीं पुनर्विवाह करून त्यांनीं लोकापवाद पतीच्या बरोबरीनें सोसला. पुढें अनाथ बालिकाश्रमासाठीं अण्णासाहेबांनीं आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीहि देऊन टाकली. जगानें यांत त्याग पाहिला. मुलाबाळांच्या आईला त्यांत उद्यांचा आधार गेलेला दिसला, आणि आपला मनस्ताप आनंदीबाई झांकून ठेवीत नाहींत. तरीहि हें पुस्तक गाऱ्हाण्याचें नाहीं. भांडण सांगणारी बाई ज्या कामापायीं भांडली त्याच कामाला पुन्हा हातभार लावते, हें त्यांतील खरें नाट्य आहे.

कोणी म्हणेल, लोकसेवकानें घरचा हिशेब करीत बसावें तर लोकसेवा व्हावी केव्हां? हा आक्षेप पोकळ नाहीं. त्या दिवशीं पॉलिसी देऊन टाकली नसती तर आश्रमाचें काय झालें असतें, हें आनंदीबाईंसहि समजत होतें. परंतु त्याग करणें निराळें आणि त्याची किंमत कोणी कोणी मोजली हें पुढें लिहून ठेवणें निराळें. पहिलें कर्तव्य कठीण प्रसंगीं घाईनें उरकतां येतें. दुसऱ्यास म्हातारपणची निवांत सचोटी लागते. आदर्श म्हणून तरुणांच्या हातीं 'आत्मवृत्त' द्यावें. वाङ्मय म्हणून, माणसाचा आवाज कानीं पडावा म्हणून, आमचें मत 'पुराणा'कडे झुकतें. दोन्हीं शेजारीं ठेवून वाचलीं तरच संसार पुरा दिसतो.

प्रस्तुत लेखकाचीहि निवृत्ति आतां दूर नाहीं, आणि 'आठवणी लिहा' असा स्नेह्यांचा आग्रह चालूं आहे. हीं दोन पुस्तकें मिटल्यावर वाटूं लागलें, कीं लेखणी प्रथम घरांत नेऊन द्यावी, आणि तिकडून काय लिहून येतें तें वाचून मगच आपण कागद पुढें ओढावा.