इज्जत आणि कौतुक : ‘टेढी लकीर’ व ‘शाळा’

आत्मसन्मान हा शब्द आपल्या प्रशिक्षण वर्गांतून इतका वापरला गेला आहे, की ‘मुलांचे कौतुक करा’ एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. उर्दूत यासाठी ‘इज्जत-ए-नफ्स’ म्हणतात. त्यात इज्जत आहे, तारीफ नाही. हा फरक दोन कादंबऱ्यांतून चांगला समजतो.

इस्मत चुगताई यांच्या ‘टेढी लकीर’मधील शमन हे आईवडिलांचे दहावे अपत्य. तिच्या जन्माचे कोणाला अप्रूप नाही. शाळेत मिस चरण ही शिक्षिका तिच्याकडे लक्ष देते आणि ही मुलगी अभ्यासात पुढे येते. इथपर्यंतची कथा कोणत्याही अध्यापकाला सुखावेल. परंतु शमनचा सगळा जीव त्या एका व्यक्तीत गुंततो. मिस चरणला शाळा सोडावी लागते तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच जाते. इस्मत स्वतः मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शिक्षकाच्या मायेतील धोका त्यांनी जवळून पाहिला असावा.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आहे. मुकुंद जोशीला शाळेपेक्षा आधार आहे तो अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणाऱ्या सुऱ्या, चित्रे आणि फावड्याचा. तिथे टिंगल होते, शिव्याही असतात, पण गुणपत्रिका कोणी मागत नाही. शेवटी हा कंपू पांगतो, शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंद दुखावतो, मोडत नाही.

बोकीलांविषयी माझी एक तक्रार आहे. शिरोडकर आपल्याला मुलांच्या बाकावरूनच दिसते. तिचे नाव वर्गात एका मुलाशी जोडले जाते, तेव्हा ती स्वतःविषयी काय विचार करते? निवेदन मुकुंदचे आहे हे मान्य. तरी ही उणीव जाणवते. ती भरून काढायला पुन्हा शमनकडेच जावे लागते.

आमच्याकडे सीमाभागात उर्दू माध्यमातून आलेली एक विद्यार्थिनी ‘चांगला’मधला ‘च’ उर्दूच्या वळणाने उच्चारत असे. मी भर वर्गात, अर्थात सद्हेतूने, तो सुधारला. तिने मोठ्याने वाचणेच सोडले. पुढे मधल्या सुट्टीत ती शेजारच्या बाकावरील मराठी मैत्रिणीला धडा वाचून दाखवताना दिसली. चुका तशाच होत्या, आणि दोघी हसत होत्या. त्यानंतर ‘शाळा’तील उतारा मी त्या दोघींना मिळून वाचायला दिला, आणि ‘च’बद्दल काही बोललो नाही.