लोणारचं वय नक्की किती? एका आकड्याची उलटतपासणी

आमच्या वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे निघालं की पुढे लोणार लागतं. त्यामुळे आमच्या भागातल्या भूशास्त्राच्या आणि पर्यावरणशास्त्राच्या मुलांना पीएचडीसाठी पहिला विषय सुचतो तो लोणारचा. चांगलंच आहे. पण या विषयावरचे सिनॉप्सिस वाचायला आले की सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते: 'सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी उल्का आदळून लोणार सरोवर तयार झाले. याचा उल्लेख पुराणांत आणि आईन-ए-अकबरीतही आढळतो.'

ही दोन वाक्यं आज तपासून बघू. माझं म्हणणं एवढंच आहे की कुठलीही नोंद वापरण्याआधी ती नक्की कशाची नोंद आहे, हे विचारायला हवं.

सरोवराची नोंद म्हणजे उल्केची नोंद नव्हे

आधी दुसरं वाक्य घेऊ. लोणारची कथा लवणासुराची आहे. विष्णूने त्याला मारलं, म्हणून तिथे दैत्यसूदनाचं मंदिर आहे. आईन-ए-अकबरीत तळ्यातल्या क्षाराचा काच आणि साबण बनवण्यासाठीचा उपयोग येतो. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या खाऱ्या तळ्याबद्दल आहेत. आकाशातून दगड पडताना कोणी पाहिला, असं त्यात कुठेही नाही.

उल्का पडल्याची खरी नोंद कशी असते, याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. २९ जून १८४३ रोजी खानदेशात एदलाबादजवळ मानेगावला उल्का पडली. तिची हकिगत पुढच्याच वर्षी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. हे माहीत नसेल तर जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून गाव शोधताना तुम्ही नकाशावर भटकत बसाल. दुसरं उदाहरण काटोलचं. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात भरदुपारी आवाज झाला, दगड पडले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले. दोन्हीकडे दिवस आहे, जागा आहे, साक्षीदार आहेत आणि हातात दगड आहे. लोणारला यातलं काहीच नाही. तिथली सगळी साक्ष खडकाची आहे.

गिल्बर्टचा संदर्भ मुळातून वाचा

लोणारचा उगम उल्केतून झाला, हे ठरायला खूप काळ गेला. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने तळ्याची दखल घेतली. पुढे कित्येक दशकं ज्वालामुखीचीच चर्चा होती. काही लेखांत असं येतं की १८९६ मध्ये गिल्बर्ट यांनी लोणारची तुलना ॲरिझोनाच्या उल्काविवराशी केली, म्हणजे उल्केची कल्पना त्यांची. तुलना त्यांनी केली हे खरं. पण त्या वेळी ॲरिझोनाचा खड्डाच त्यांनी जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचा मानला होता! दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेला संदर्भ असा उलटा निघू शकतो.

निर्णायक पुरावा आला १९७३ मध्ये. फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट आहे. म्हणजे बेसॉल्टमधलं फेल्डस्पार न वितळता, निव्वळ धक्क्याच्या दाबाने काचेसारखं झालेलं. एवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही.

५२ हजार की ५ लाख ७० हजार?

आता पहिलं वाक्य. ५२ हजार हा आकडा १९९७ चा. सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने लोणारच्या काचेचं वय काढलं: ५२ हजार, अधिक-उणे ६ हजार वर्षं. २०११ मध्ये जूर्दां आणि सहकाऱ्यांनी 'जिऑलॉजी'त आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने वय दिलं: ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. फरक जवळजवळ अकरा पट. आणखीही मोजमापं झाली आहेत, पण पद्धतींचा झगडा समजून घ्यायला हे दोन आकडे पुरेत.

आघातात काच प्रचंड तापते, तेव्हा तिच्यात साठलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि घड्याळ शून्यावर येतं. त्यानंतर आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे काचेत पुन्हा इलेक्ट्रॉन अडकत जातात. प्रयोगशाळेत तापवल्यावर ते प्रकाश देतात आणि त्यावरून वय काढतात. अडचण अशी की हे इलेक्ट्रॉन गळूही शकतात, किंवा जागा भरली की नवे अडकत नाहीत. दोन्ही वेळी वय खऱ्यापेक्षा कमी येतं.

आर्गॉनचं घड्याळ वेगळं. पोटॅशियमपासून आर्गॉन तयार होतो आणि खडक वितळला की तो निसटतो. पण लोणारचा मूळ खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना दख्खनचा बेसॉल्ट. त्यातला जुना आर्गॉन थोडा जरी मागे राहिला, तरी वय जास्त दिसतं. म्हणून २०११ चा पेपर वाचताना आइसोक्रॉनचा आलेख बघा. जुना आर्गॉन उरला आहे का, हे त्यातून तपासता येतं.

एका पद्धतीची चूक वय खाली ओढते, दुसरीची वर. शेजारी छापलेल्या अधिक-उणे आकड्यात ही ओढ सहसा येत नाही. तिथे मुख्यतः मोजमापातली अनिश्चितता असते. विद्यार्थी 'अधिक-उणे ६ हजार' बघून निर्धास्त होतात, ते इथेच चुकतं.

मला २०११ चं काम जास्त पटतं. त्याने आपल्या पद्धतीची कमकुवत बाजू स्वतःच तपासायला घेतली आहे. पण तेवढ्याने वाद मिटला असं मी म्हणणार नाही. खड्डा 'ताजा' दिसतो, ही ५२ हजाराच्या बाजूने दिली जाणारी दलील मात्र फार तोकडी आहे. झीज किती वेगाने होते हे मोजल्याशिवाय दिसण्यावरून वय कळत नाही.

मग लिहायचं काय?

'हा आकडा जुना आहे, नवा टाकू' असं करू नका. असं लिहा: 'लोणारच्या आघाताचे वय वादात आहे. थर्मोल्युमिनेसन्सने सुमारे ५२ हजार वर्षे (१९९७), तर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे (२०११) येते.' वाक्य लांबलं तरी चालेल. तुमचा विषय तळ्याच्या गाळाचा असेल, तर याच वाक्यावर पुढचं गणित उभं राहणार. गाळ साचायला ५२ हजार वर्षं मिळाली की त्याच्या अकरा पट, यावर साचण्याचा वेग ठरतो.

मुलाखतीत परीक्षक विचारतात, 'हा आकडा कुठून आला?' तेव्हा विकिपीडिया किंवा सरोवराच्या काठावरची पाटी सांगून भागत नाही. आजच आपल्या सिनॉप्सिसमधला पहिला आकडा घ्या. तो कोणी, कशावर, कोणत्या पद्धतीने मोजला ते मूळ पेपरपर्यंत जाऊन शोधा. एक दुपार जाईल, पण त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.