आई जीयंग, लेक जीवॉन

चो नाम-जू यांची 'किम जीयंग, जन्म १९८२' ही कोरियन कादंबरी २०१६ साली आली; जेमी चँग यांचा इंग्रजी अनुवाद २०२० साली. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल, निदान २०१९चा चित्रपट पाहिला असेल. नायिकेच्या नावावर पुष्कळ लिहून झालंय: जीयंग हे त्या पिढीतल्या मुलींचं सर्रास नाव, म्हणून ती कुणीही असू शकते. हे पटतं. पण तिच्या मुलीच्या नावाकडे फारसं कुणी पाहत नाही.

मुलीचं नाव जीवॉन. आपल्याला 'जीवन' ऐकू येतं, तो निव्वळ योगायोग. हे नाव मुलाचंही असतं, मुलीचंही. हा जीवॉन ही अभिनेत्री, उन जीवॉन हा गायक. बाळांच्या नावांच्या याद्यांत त्याचा अर्थ एका ओळीत उरकलेला असतो, आणि तिथेच फसगत होते. अर्थ उच्चारात नसून त्यामागे निवडलेल्या चिनी अक्षरांत, म्हणजे हानजात असतो. अठराव्या शतकातला प्रवासवर्णनकार पाक जीवॉन आणि आजचे राजकारणी पाक जीवॉन यांची नावं कानाला एकच. पण पहिल्याच्या नावात पाऊल आणि उगम, दुसऱ्याच्या नावात शहाणपण आणि आरंभ. 'वॉन'साठी 'सुंदर स्त्री' या अर्थाचं अक्षर घेतलं तर नाव मुलीचं ठरतं, पण फक्त कागदावर. हाक मारताना काही कळत नाही.

आता कादंबरीकडे वळा. जीयंगच्या आईने तिसरीही मुलगीच म्हणून गर्भपात करून घेतलेला. जीयंगच्या शाळेत हजेरीचे क्रमांक आधी मुलांना, मग मुलींना. या घरातल्या नातीला असं नाव मिळतं, जे ऐकून तिला कुठल्या रांगेत उभं करायचं ते कळू नये! इंग्रजी वाचकाला मात्र जीयंग आणि जीवॉन दोन्ही सारखीच परकी. एकावर पिढीचा आणि बाईपणाचा शिक्का आहे, दुसऱ्यावर नाही, हे त्याला कसं कळणार? अनुवादात अर्ध्या वाक्याने काम भागलं असतं.

पण आडनावाचं काय? कोरियात बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. सासरी नावासकट सगळं बदलण्याची आपली जुनी रीत तिथे नाही, त्यामुळे आपण उगाच भारावून जातो. मूल मात्र बापाच्या आडनावाचं. २००८पासून आईचं आडनाव देता येऊ लागलं, पण तसं लग्नाच्या नोंदणीच्या वेळीच सांगायचं, मुलाचा पत्ता नसताना. कादंबरीत जीयंग आणि तिचा नवरा तो अर्ज भरतात तो प्रसंग मला अख्ख्या पुस्तकात सर्वांत धारदार वाटतो. कुणी ओरडत नाही, 'नाही'वर खूण होते, आणि मुलगी किम न होता जंग जीवॉन होते.

चो यांचा भर आकडेवारीवर, अगदी तळटीपांसकट. त्या भरात पात्रं अधूनमधून अहवालातल्या नोंदींसारखी होतात, ही तक्रार मलाही मान्य आहे. पण नावांच्या बाबतीत लेखन जास्त बोलतं. घराण्याच्या वंशावळीत एका पिढीच्या भावांच्या नावांत एक समान अक्षर ठेवायची कोरियन प्रथा आहे. उलट वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षर मुलाला देणं जुन्या वळणाचे लोक टाळतात. जंग जीवॉनमध्ये आईचं आडनाव नाही, 'जी' मात्र आहे.